लाकडी रोलर कोस्टरवर लोखंडी रूळ बसवला तर त्यात लाकडी काय उरतं? आणि नव्या राइडची वाट बघण्यात अर्थ आहे का?

आधी सरळ उत्तर देते. ढाचा लाकडाचा राहतो, गाडी लोखंडावरून धावते, आणि गाडीत बसलेल्या माणसाला जे जाणवतं ते जवळजवळ सगळं रुळातून येतं. म्हणून माझ्या मते तो लाकडी कोस्टर राहत नाही. पार्कवाले त्याला हायब्रिड म्हणतात, म्हणोत. तुमच्या जवळच्या पार्कातला जुना कोस्टर बंद झालाय, त्याच ढाच्यावर पुढच्या हंगामात नवा येणार आहे आणि मुलं आतापासून दिवस मोजतायत, असं तुम्ही लिहिलंय. मोजू देत. राइड चांगलीच असेल.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंय: "लाकूड काय, आज ना उद्या जायचंच होतं." त्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

मी कुडाळकडची, सुताराची मुलगी. गेली काही वर्षं पेन्सिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहते. हर्शीपार्क हे राइड्सचं मोठं पार्क आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे मुलांच्या निमित्ताने सीझन पास काढला आणि मुलांपेक्षा मलाच वेड लागलं. माहेरी बाबांच्या सुतारकामाच्या मांडवात रंध्यातून निघणाऱ्या सालींत खेळत मी वाढले. वाकस, पटाशी, गिरमिट, गुण्या, सगळं मला नावानिशी ओळखता येतं. हातात मात्र ते दादाच्या दिलं गेलं. त्याबद्दल तक्रार नाही, पण पुढचं समजायला हे माहीत असावं.

२०१९ च्या जुलैमध्ये बाबा पहिल्यांदा इकडे आले. वय तेव्हा एकाहत्तर. न्यूयॉर्क दाखवलं, नायगारा दाखवला, ते सगळीकडे "बरां आसा" म्हणून पुढे चालले. हर्शीपार्कात मात्र लाइटनिंग रेसरच्या कुंपणापाशी जे उभे राहिले ते हलेचनात. हा २००० सालचा कोस्टर, ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनलने बांधलेला. दोन रूळ, दोन गाड्या एकदम सुटतात, कधी शेजारून तर कधी समोरासमोर येतात. लोक गाड्या बघत होते. बाबा खांब बघत होते.

पाचसहा गाड्या जाईपर्यंत बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "ह्यो खांब हलता. पण सांधो करकरणा नाय." मी बघितलं. खरंच, गाडी वळणावर आली की अख्खा ढाचा हातभर उंचीवरच्या फांदीसारखा किंचित झुकत होता आणि गाडी गेली की जागेवर येत होता. इतकी वर्षं बसत होते, मला ते दिसलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "लाकूड खयचां?" मी सांगितलं, इथला दक्षिणेकडचा पिवळा पाइन, औषध मुरवलेला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबात ते काही फार भारी लाकूड नव्हे. किंजळ, ऐन, फणस यांवर हात बसलेला माणूस. पण म्हणाले, वाकवायला बरं असणार.

मग त्यांनी रुळाकडे बोट केलं. पारंपरिक लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांची चळत असते, साधारण आठ थरांची. वरचे दोन थर रुंद, खालचे अरुंद. रुंद फळ्यांचा काठ बाहेर डोकावतो आणि त्या काठाच्या खालून गाडीचं एक चाक धावतं. त्यामुळे गाडी टेकाडावर उडाली तरी रूळ सोडत नाही. हे खालचं चाक जॉन मिलर नावाच्या माणसाच्या डोक्यातून आलं, १९१९ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचे कोस्टर त्यामुळेच मवाळ असत. आमच्याच राज्यात अल्टूनाला १९०२ चा लीप-द-डिप्स उभा आहे, त्याला असं खालचं चाक नाही आणि गाडी चालत्या बैलगाडीइतकीच घाबरवते. असो.

सांगायचं ते हे, की या चळतीच्या माथ्यावर पहिल्यापासून एक चपटी पोलादी पट्टी असते. चाक थेट लाकडावर कधीच चालत नाही. त्यामुळे 'आता लोखंड आलं' हे म्हणणंच चुकीचं आहे. लोखंड आधीपासून होतं. किती आणि कुठे, एवढाच प्रश्न.

बाबांना ती पट्टी दिसली नाही, नजर तेवढी राहिलेली नाही. त्यांना फळ्यांचे सांधे दिसले. कुठल्याही दोन थरांचे सांधे एकावर एक येत नव्हते, प्रत्येक थर आपला जोड पुढेमागे सरकवून बसवलेला. ते मला बोटाने हवेत काढून दाखवत होते, एक फळी इथे संपते, वरची तिच्या मध्यावर, तिच्या वरची आणखी पुढे. "सांधो चुकवलो हा. शिकलेलो माणूस हा कोणतरी." घरी परत येईपर्यंत ते त्या न पाहिलेल्या सुताराबद्दल बोलत होते. फळी जागेवर नेऊन वाकवायची, पकडीत धरून ठोकायची, रूळ वळतो तशी पीळ देत न्यायची. हे सगळं मी त्यांना सांगितलं नव्हतं, बघून त्यांनी ओळखलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या एका पार्कात गेलो. नाव घेत नाही. तिथेही एक जुना लाकडी कोस्टर. मी बसून आले ती कंबर धरूनच. बाबा खालीच थांबले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पहिल्या उताराच्या तळाकडे बोट दाखवलं. "थंयसर फळी बसली हा. वरची पट्टी आपटता. आयक." पुढची गाडी आली तेव्हा मी कान दिला. लाइटनिंग रेसरचा आवाज सलग घरघरीचा होता. इथे तळाशी गाडी आली की आधी एक फट्‌ असा आवाज, मग चाकांचा दणका, आणि पुढे वीसेक फूट खडखडाट.

लाकडी रूळ का खराब होतो ते यात सगळं आलं. उताराच्या तळाशी गाडीचं वजन अनेक पटींनी दाबतं. रोज शेकडो वेळा. लाकूड पावसाने फुगतं, उन्हाने आकसतं, खिळे सैल होतात, पट्टीखाली पोकळी होते. पट्टी आपटायला लागली की फळी चेचते, फळी चेचली की गाडी हिसका खाते, आणि हिसक्याने पुढचा तुकडा सैल होतो. म्हणून चांगल्या पार्कात सुतार रोज सकाळी रुळावरून चालत जातात, बोल्ट तपासतात, आणि दर हिवाळ्यात काही लांबीचा रूळ उखडून नव्या फळ्या घालतात. जिथे हे टाळलं जातं तिथे चार वर्षांत लोक म्हणायला लागतात की लाकडी कोस्टर म्हणजे कंबरडं मोडणारच. त्यात लाकडाचा दोष नाही. न घातलेल्या फळीचा दोष आहे.

गाडीचाही वाटा असतो, तो लोक विसरतात. मागेपुढे दोनतीन बाकडी असलेला लांब ताठ डबा वळणावर रुळाशी भांडतो. लाइटनिंग रेसरच्या मिलेनियम फ्लायर गाड्यांना एकेका बाकड्याचा डबा आहे, तो साखळीच्या कड्यासारखा वळतो. रुळाला त्रास कमी, माणसालाही.

त्या रात्री बाबांनी व्हिडिओ कॉलवर दादाला हे सगळं उत्साहाने सांगितलं. दादा आमचा मांडव चालवतो. आता तिथे ठोकळ्याच्या जागी वेल्डिंग मशीन आहे, ग्रिल, शेड, गेट, सगळं करतो, चांगलं करतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणूनच लोखंड बरं. लाकूड काय, आज ना उद्या जायचंच." बाबा गप्प बसले. मीही.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या जुन्या घराच्या पडवीकडची बाजू गळायला लागली. बघितलं तर किंजळाची मोठी तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे कुजलेली. पन्हळ फुटली होती, दोन वर्षं पाणी नेमकं तिथेच झिरपत होतं. बाबांचं म्हणणं, टोकाचा दोन हात भाग कापून काढा, तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडा, खाली टेकू द्या, आणि पन्हळ आधी दुरुस्त करा. बाकीची तुळई त्यांनी पटाशीने टोचून बघितली होती, पटाशी आत जाईना. दादाने सगळंच उतरवलं. तुळई, वासे, रीपा, कौलं. लोखंडी पाइपची कैची आणि वर पत्रा. पंधरा दिवसांत काम झालं, गळती थांबली. मला फोटो आला. मी 'छान' लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

आता कोस्टरकडे. २०२२ च्या जुलैअखेर हर्शीपार्कने वाइल्डकॅट बंद केला. १९९६ चा हा कोस्टर ग्रेट कोस्टर्सने बांधलेला पहिला कोस्टर. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ही कंपनी त्याच लाकडी ढाच्यावर आय-बॉक्स नावाचा पोलादी रूळ टाकणार आणि २०२३ मध्ये वाइल्डकॅट्स रिव्हेंज येणार. १०६ फुटांचा होता तो १४० फुटांचा होणार, चार वेळा उलटं करणार, ताशी ६२ मैल. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी पोटात फुलपाखरंही उडाली, खोटं कशाला सांगू. त्या हिवाळ्यात मी कितीदा तरी नुसती बाहेरच्या रस्त्याने गाडी हळू करून बघत गेले. बर्फात उघडा ढाचा, मग त्यावर एकेक रुळाचा तुकडा. दादाला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "बघ, अमेरिकेतपण शेवटी लोखंडच बसवलं."

२ जून २०२३ ला तो सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दीड तास रांगेत उभी राहून बसले. ८२ अंशांचा उतार म्हणजे जवळजवळ सरळ खाली, आणि वर चढून गाडी आतल्या अंगाने उलटी होऊन खाली येते त्या जागी माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. काचेवरून गेल्यासारखी गाडी. उतरले आणि पुन्हा रांगेत गेले. इतकी सुंदर राइड मी क्वचितच घेतली आहे.

आणि तरी तिने दादाचं म्हणणं सिद्ध होत नाही. रांगेत उभी असताना मी बाबांसारखी खांब बघत होते. तो सगळा लोखंडी रूळ लाकडाने उचलून धरलाय. जे पाडावं लागलं ते पाडलं, हवं तिथे नवं उभारलं, पण सव्वीस वर्षं उभ्या असलेल्या लाकडाला हे लोक टाकून द्यायच्या लायकीचं समजले नाहीत. आय-बॉक्स बसवायला सुरुवात झाली ती २०११ मध्ये टेक्सासच्या न्यू टेक्सास जायंटपासून. ओहायोतल्या सीडर पॉइंटला १९९१ चा मीन स्ट्रीक होता, त्याचा २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स झाला, २०५ फूट उंच. दर वेळी रूळ बदलला आणि आधाराला लाकूड ठेवलं. आमच्या दादाने उलटं केलं, चांगला आधार विकला.

तुम्ही रुळाचं तंत्र विचारलंय म्हणून थोडं सांगते, कारण 'लोखंडी रूळ' हा एकच प्रकार नाही. आय-बॉक्समध्ये लाकडाची चळत पूर्ण जाते. पोलादी पत्रे आकारात कापून वेल्डिंगने जोडतात, आडवा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा. गाडी उलटी करायची, पिळवटायची, तर हे सोयीचं. टॉपर ट्रॅक निराळा. त्यात चळतीचे फक्त वरचे थर काढून त्या जागी पूर्ण रुंदीचा पोलादी माथा बसवतात, खाली लाकूडच. मिसूरीतल्या सिल्व्हर डॉलर सिटीचा आउटलॉ रन २०१३ मध्ये नव्यानेच असा बांधला आणि तो लाकडी असून तीनदा उलटा करतो. याला मी लाकडी म्हणेन. टायटन ट्रॅक हा ग्रेट कोस्टर्सचा स्वतःचा पोलादी रूळ, जुन्या कोस्टरच्या फक्त त्रासदायक तुकड्यापुरताही बसवता येतो. कॅन्सस सिटीच्या वर्ल्ड्स ऑफ फनमधल्या झँबेझी झिंगरमध्ये, तोही २०२३ चाच, लाकडी रूळ आणि टायटन ट्रॅक एकाच राइडमध्ये आहेत. माझ्या मते हे सगळ्यात समजूतदार काम. जिथे लाकूड मार खातं तेवढीच जागा लोखंडाला द्या.

आणि लाकूडही थांबलेलं नाही. इंटामिन कंपनीने २००१ मध्ये जर्मनीच्या हाइडे पार्कात कोलोसोस बांधला, त्याचा रूळ कारखान्यात चिकटवून, मिलिमीटरच्या मापात कापून आणला आणि जागेवर फक्त बोल्टने जोडला. त्याच पद्धतीचा न्यूजर्सीतला एल टोरो २००६ चा. तिथल्या एडिसन गावातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्या बहुतेकांना तो माहीत असेल. पूर्ण लाकडी रूळ, ७६ अंशांचा उतार, आणि लाकडी कोस्टर इतका गुळगुळीत असू शकतो यावर बसल्याशिवाय विश्वास बसत नाही. कोलोसोसचा रूळ खराब झाला तेव्हा तो २०१६ मध्ये बंद केला, आणि २०१९ मध्ये पुन्हा लाकडी रूळ घालूनच सुरू केला. ग्रॅव्हिटी ग्रुप या कंपनीचे लोक फळी ताण देऊन वाकवण्याऐवजी वळणाच्या आकारातच कापून आणतात, म्हणजे ती सरळ व्हायला धडपडत नाही. ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्काच्या बीस्टवर, जगातल्या सगळ्यात लांब लाकडी कोस्टरवर, त्यांनी २०२२ च्या हंगामासाठी दोन हजार फुटांहून जास्त रूळ नवा घातला आणि पहिला उतार ४५ चा ५३ अंश केला. १९७९ चा कोस्टर आहे तो. 'आज ना उद्या जायचंच' असं म्हणत बसले असते तर केव्हाच गेला असता.

तेव्हा तुमच्या पार्काच्या घोषणेत नेमका कुठला रूळ येणार ते वाचा. आय-बॉक्स असेल तर मुलांना सांगा, नवीन पोलादी कोस्टर येतोय, आणि भरपूर वाट बघा. टायटन किंवा टॉपर असेल तर जुन्याची ओळख बऱ्यापैकी राहील. पहिल्यांदा बसाल तेव्हा शेवटच्या ओळीत बसा, उतारावर मागचा डबा ओढला जातो ती मजा पुढे नाही. आणि त्याआधी पाच मिनिटं मुलांना कुंपणापाशी उभं करा आणि खांब हलताना दाखवा.

काही गोष्टी न सांगणं अप्रामाणिक होईल. मी इंजिनिअर नाही. लाकडी रूळ सांभाळायला सतत हात लागतात, आणि ते काम येणारी माणसं कमी होत चालली आहेत. छोट्या पार्काला दर हिवाळ्याचा हा खर्च झेपत नसेल तर त्याने लोखंड घालावं, कोस्टर पाडून टाकण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. लोखंडालाही देखभाल लागतेच, वेल्डिंगला तडे जातात, ते रोज बघावे लागतात. कोकणात तर वाळवी आहे, चार महिने पाऊस आहे, आणि कौलं परतायला आता माणूस मिळत नाही. दादाची ही अडचण खरी आहे, मी इथे बसून ती हलकी करणार नाही. पावसात छपरावर तो चढत होता, मी नाही.

पण दादा, तू हे वाचणार आहेस, कारण लिंक मीच पाठवणार आहे. बाबा चुकले नव्हते. कुजलेलं टोक दोन हातांचं होतं, तुळई चौदा हातांची. पन्हळ फुटली होती, लाकूड नव्हे. तुझ्या लोखंडी कैचीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती सरळ आहे, वेल्डिंग स्वच्छ आहे, मी गेल्या मे महिन्यात येऊन बघितली. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली बाबा दुपारी झोपू शकत नाहीत, मांडवात जाऊन पडतात, ते तुला माहीत आहे.

तुळईचे तीन तुकडे तू विकलेस. चौथा, मधला, मांडवाच्या मागे पत्र्याखाली ठेवलाय. मी हात फिरवून बघितला, अजून सरळ आहे, मध्यावर कुठे भेग नाही. तो कोणाला देऊ नकोस. डिसेंबरात मी येतेय. बाबांना खुर्चीत बसवू, ते सांगतील तसा तू काप, आणि पडवीवर कौलं घालायची तर आढं कुठून कुठे येईल ते तिघं मिळून मापू.